काळीचं वाण

आमच्या नगरपरिषदेत तण हा विषय कुणालाच नको असतो. पाणीपुरवठ्यात गेलेल्या माणसाला लोक नमस्कार करतात, बांधकाम विभागात गेलेल्याला चहा पाजतात. तण व वणवा कक्षात मात्र ज्याला दुसरीकडे कुठंच ठेवता येत नाही त्याला पाठवतात. मला पाठवलं ते मी बांधकामाच्या साहेबांना चारचौघांत खोटारडे म्हटलं म्हणून. खोटारडे ते होतेच, पण ते असो.

करंजखोलच्या तिन्ही अंगांना डोंगर आहेत. डोंगरावर कमरेएवढं कुसळी गवत, आणि त्यात जागोजाग घाणेरी आणि रानमोडी माजलेली. पाऊस गेला की हे सगळं वाळतं आणि शिमग्याच्या आसपास पेटतं. पेटतं म्हणजे पेटवतात. डोंगर जाळला की पुढच्या साली गवत जोमानं येतं, ही आमच्याकडची पिढ्यानपिढ्यांची समजूत, आणि ती काढायला गेलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याची बदली झाली, समजूत जागेवर राहिली. त्यात आता शहर डोंगराच्या अंगावर चढलेलं. पुण्या-मुंबईच्या लोकांनी वर प्लॉट घेऊन ठेवलेत. ‘झुडपं काढा, नाहीतर दंड भरा’ अशा नोटिसा मी त्यांना दरसाल पाठवायची. ते उत्तरादाखल प्लॉटवर ‘ही जागा विकणे नाही’ अशी नवी पाटी लावायचे, आणि पाटीभोवती गाजर गवत डौलानं वाढायचं.

माझा नवरा मोहन अग्निशमन दलात होता. माळमाथ्यावरच्या डोंगराला लागलेला वणवा विझवायला गेला असताना वारा फिरला आणि तो रानमोडीच्या जाळीत अडकला. रानमोडी हिरवी असली तरी भडभडून पेटते, तिच्या पानांत तेल असतं. माळमाथा हे माझं माहेर. डोंगर तिथल्याच लोकांनी पेटवला होता, दरवर्षी पेटवायचे तसाच. पोलीस आले, चहा पिऊन गेले. त्या लोकांत माझा थोरला भाऊ संपतदादा होता की नव्हता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. उत्तर ऐकल्यावर मला माहेर राहिलं नसतं, आणि आई-वडील गेल्यावर माहेर म्हणून मला दादाचंच घर होतं.

त्यामुळं विद्यापीठातले डॉ. ओक आमच्या सभागृहात आले, तेव्हा त्यांचं बोलणं कान देऊन ऐकणारी मी एकटीच होते. बाकीचे वडे खात होते.

ओकांनी टेबलावर काचेच्या दोन बरण्या ठेवल्या. एकीत वाळलेलं कुसळी गवत गच्च भरलेलं, दुसरीच्या तळाशी मूठभर काळी पूड. "पंधरा दिवसांपूर्वी दोन्हींत सारखंच गवत होतं," ते म्हणाले, तेव्हा वडे जरा थांबले.

"गवताचा सांगाडा सेल्युलोजचा असतो. सेल्युलोज म्हणजे साखरेच्याच कणांची लांब साखळी, फक्त इतकी घट्ट विणलेली की आपल्याला ती पचत नाही. वणवा ती साखळी एका झटक्यात तोडतो आणि आतली सगळी शक्ती ज्वाळा होऊन बाहेर पडते. बुरशी तेच काम सावकाश करते. जळणं आणि कुजणं यांत खरा फरक वेगाचा. पण कुजायला ओल लागते, आणि उन्हाळ्यात डोंगरावर ती नसते. म्हणून गवत कुजत नाही, काडी ओढणाऱ्याची वाट बघत उभं राहतं. आम्ही या बुरशीच्या जनुकांत बदल करून तिला दवावर जगायला शिकवलंय. पहाटे जेवढं दव पडतं, तेवढं तिला पुरतं."

"आणि ती उद्या आमची घरं खायला लागली म्हणजे?" एका नगरसेवकानं विचारलं. प्रश्न चांगला होता, हे मला आवडलं नाही.

"लाकूड तिला फोडता येत नाही. हिरव्या, जिवंत पानाला ती शिवत नाही. आणि मुख्य म्हणजे तिला आम्ही एक खुराक लावून ठेवलाय." ओकांनी खिशातून छोटी कुपी काढली. "हे द्रव्य निसर्गात कुठंच नाही, फक्त आमच्या प्रयोगशाळेत बनतं. फवाऱ्यात आम्ही ते थोडं मिसळतो. ते संपलं की आठवड्याभरात बुरशी मरते. लगाम आपल्या हातात आहे."

प्रस्तावाखाली सही माझी आहे.

डोंगरावर ड्रोननं फवारणी झाली. पायथ्याच्या आणि माथ्यावरच्या प्रत्येक घराला एकेक बाटली दिली, अंगणाभोवतीचं वाळलं गवत आणि काढून टाकलेलं तण संपवायला. बाटली त्याच दिवशी संपवायची, उरलं तर उकळत्या पाण्यात ओतायचं, असं घरोघरी सांगितलं. तिचं सरकारी नाव फार लांब होतं. लोकांनी तिला काळी म्हणायला सुरुवात केली.

पुढचे दोन उन्हाळे करंजखोलला वणवा लागला नाही. अग्निशमन केंद्रातली पोरं कॅरममध्ये पटाईत झाली. मंत्र्यांनी मला शाल दिली आणि बांधकामाचे साहेब टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत बसले. त्या संध्याकाळी मोहनच्या फोटोला हार घालताना माझा जीव फार दिवसांनी थोडा निवला.

तिसऱ्या वर्षी, थंडी नुकतीच सरत असताना, दादाचा फोन आला.

"सारिके, वर ये जरा. गंजी बसलीया."

"बसलीया म्हणजे काय?"

"म्हंजी बसलीया. आल्यावर बघ."

मी जीप घेऊन गेले. दादाच्या गोठ्यामागं दरवर्षी दोन पुरुष उंचीची गवताची गंजी असते. उन्हाळाभर म्हशी तिच्यावर निघतात, कारण चैत्रात माळमाथ्यावर हिरवं असं काही उरत नाही. ती गंजी माझ्या खांद्याएवढी झाली होती. वरून ठीकठाक पिवळी दिसत होती. मी त्यात हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा काळा होता.

"पावसानं भिजली का रे?"

"आवकाळी कुठं झालाय औंदा?" दादा म्हणाला. तो माझ्या हाताकडं बघत होता. "ही तुमची काळीच हाय न्हवं?"

मी नाही म्हणाले. माळमाथ्याच्या चाऱ्याच्या रानावर आम्ही फवारा कधी मारलाच नव्हता आणि बाटल्या वाटल्या त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. खुराकाशिवाय ती आठवड्यात मरते, हे मी शंभर सभांत सांगितलं होतं. रंजनावहिनी दाराशी उभी होती. तिनं मला हात धुवायला पाणी दिलं आणि तांब्या घेऊन लगबगीनं आत गेली. एरवी ती माझ्याशी इतकं बोलते की जीप सुरू केल्यावरही खिडकीशी येऊन बोलत राहते.

मी पूड ओकांकडं पाठवली. चार दिवसांनी ते स्वतःच आले, फोन न करता, आणि त्यांचा चेहरा बघून मी चहा विचारायचंही विसरले.

"काळीच आहे," ते म्हणाले. "पण हिला खुराक लागत नाही. मी तिला आठवडाभर पुरेल एवढं साधं गवत दिलं, तिनं ते दोन दिवसांत संपवलं. सारिकाताई, ही आमच्याकडून गेलेली नाही. ही कुणीतरी वाढवली आहे."

मला तांब्या घेऊन आत जाणारी वहिनी आठवली.

ओकांना घेऊन मी तडक वर गेले. दादाच्या गोठ्याच्या पलीकडं, पोत्यानं झाकलेला निळा ड्रम होता. पोतं काढल्यावर आंबूस-गोड वास आला. शेणखत लवकर कुजावं म्हणून जी बाटली मिळते, तिचा ड्रम आमच्याकडं घरोघरी असतो. पाण्यात गूळ, बेसन नि थोडं ताक घालायचं, बाटलीतलं ओतायचं, रोज काठीनं ढवळायचं. अर्धा ड्रम वापरला की पुन्हा पाणी आणि गूळ. एका बाटलीत जन्म काढणारी माणसं आहेत. वहिनीनं काळीचं तेच केलं होतं.

"सांगितलं होतं ना, उकळत्या पाण्यात ओता म्हणून?" मी ओरडलेच.

"जित्या वस्तूला कडत पान्यात घालायचं व्हय वन्सं?" वहिनी पदराशी चाळा करत म्हणाली. "बोटभर उरलं हुतं. म्हटलं, विरजान असावं घरात. चांगलं हाय की. परसातलं वाळलं तण ऱ्हात न्हाई, वाटंवरची कुसळं जात्यात, इचू-किरडू दिसतंय. पोरींच्या पायात कुसळ मोडलं न्हाई दोन वर्सांत."

ओक ड्रमाशी उकिडवे बसले होते. त्यांचा आवाज अगदी हळू झाला. "यात खुराक नव्हता, म्हणजे जवळजवळ सगळी मेलीच असणार. पण ड्रमात अब्जावधी पेशी. त्यांतल्या एखादीत चुकून असा बदल झाला, की तिला खुराकाशिवाय भागायला लागलं. बाकीच्या मेल्या, ही उरली. मग तिची पोरं, त्यांची पोरं. वहिनी, तुम्ही दर पंधरवड्याला नवा गूळ घालत होता ना? प्रयोगशाळेत नवी जात निवडायची तर आम्ही हेच करतो."

वहिनीला ही शाबासकी वाटली की काय कोण जाणे, तिनं मान वर केली. ओकांनी लगेच विचारलं, "वहिनी, ह्यातलं कुणाला दिलंत का?"

तिची मान पुन्हा खाली गेली.

"वाण म्हनून दिलं."

"कसलं वाण?" मी विचारलं.

"संक्रांतीचं. हळदीकुंकवाला दरसाल काय तेच ते, प्लास्टिकचं डबं न् चमचं. म्हटलं औंदा बायांच्या उपेगाचं लुटावं. खोकल्याच्या औषदाच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या, टोपनाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. लय आवडलं समद्यास्नी. रथसप्तमीपातूर बाया येत हुत्या. खालच्या वाडीच्या, घाटापल्याडच्या, आपल्या लेकीच्या, ऋतुजाच्या सासरच्या बी."

महिनाभर हे चाललं होतं, माझ्या माहेरच्या ओट्यावर, माझ्या कचेरीपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर.

"वहिनी, मला का नाही बोलावलंत?" हे मी विचारलं आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं.

"माज्या मनात हुतं वन्सं," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले. "खरंच हुतं. पर चार बाया काय म्हनतील... सवाष्णींचं असतंय ते."

मला भयंकर संताप आला. सबंध तालुक्यात ती बाटली बघून ‘थांबा’ म्हणणारी एकच बाई होती. मी त्या ओट्यावर असते तर पहिल्याच बाटलीला ताट उधळून दिलं असतं. पण माझा नवरा वणव्यात मेला होता, म्हणून वणव्याच्या औषधाचं वाण लुटताना मला कुणी बोलावलं नाही. मी मोहनसाठी रडले तेवढी, पण विधवा असल्याची एवढी चीड मला पूर्वी कधी आली नव्हती.

त्यानंतरच्या गोष्टी भराभर झाल्या. ओकांनी मुख्याधिकाऱ्यांना समजावलं आणि मुख्याधिकाऱ्यांनी जिल्ह्याला. काळी ओली असते तोवर हातापायांनी पसरते. पण गवत संपून तिची पूड कोरडी झाली की तिचे बीजाणू वाऱ्यावर जातात, आणि मग हद्द उरत नाही. या घाटाच्या पूर्वेला सगळा दुष्काळी मुलूख. तिथली जनावरं उन्हाळाभर कडब्यावरच जगतात. काळीला कडबा आणि गवत सारखंच. औषध तिच्यावर कुठलं नव्हतं. एकच इलाज होता, आच. तिचे बीजाणू साठ अंशाला मरतात.

म्हणून आदेश निघाला: माळमाथ्याभोवतीच्या पट्ट्यातलं उभं गवत, सगळ्या गंज्या, गवताची छपरं, झाडून सगळं वाळलं जाळायचं. परवा पश्चिमेचा वारा वाढणार होता, त्याच्या आत. काही वगळायचं झालं तर ते कक्षप्रमुखांनी पाहणी करून ठरवायचं. कक्षप्रमुख मी.

ज्या डोंगराला आग लागू नये म्हणून मी एवढा उपद्व्याप केला, तो मीच पेटवणार होते. अग्निशमनच्या पोरांना मशाली वाटताना त्यांतला एक हसला. मी त्याच्याकडं बघितल्यावर त्यानं हसणं आवरलं.

दादाची आणखी एक गंजी होती. गावापासून वर, खडकाच्या माळावर, जुन्या खळ्यात रचलेली. उन्हाळ्याच्या शेवटी खालची संपल्यावर तो ती फोडायचा, तोवर तिकडं कुणी फिरकत नसे. मी ओकांना घेऊन पोचले तेव्हा दादानं तिच्यावर ताडपत्री आवळून बांधली होती आणि तो तिच्यापुढं उभा होता. खालच्या बाजूनं धूर यायला लागला होता.

"हिला काय बी झालेलं न्हाई," तो म्हणाला. "हात घालून बघ."

मी हात घातला. गवत कोरडं, करकरीत होतं. बाहेर आलेल्या हाताला नुसता गवताचा वास होता. मी खोलवरून चार मुठी काढून ओकांच्या पिशव्यांत भरल्या.

"किती दिवस लागतील?" मी ओकांना विचारलं.

"चार. नुसत्या डोळ्यांना सुरुवातीची लागण दिसत नाही. खुराकाशिवाय वाढते का, ते बघायलाच तेवढे लागतात." त्यांनी चष्मा पुसला. "वारा परवा आहे. सारिकाताई, मला यात काही सांगता येणार नाही. शक्यता दोन्ही आहेत."

"चार दिस थांब की," दादा म्हणाला. "मी हिच्यापाशी झोपतो. ताडपत्री काडत न्हाई. वारा जाऊंदे, तुजा निकाल येऊंदे, मग काडी लाव, मी अडवनार न्हाई. सारिके, खालची गेली, डोंगुर गेला. हीबी गेली तर म्हशींच्या पुढं काय टाकू? माती?"

"सरकार चारा देणार आहे."

"कुठनं देनार? तुमीच म्हनताय समद्या तालुक्याच्या चाऱ्याला हात लावू नका."

त्याचं बरोबर होतं. मला ते माहीत होतं. ताडपत्रीनं बांधलेली ती गंजी चार दिवस तशीच ठेवणं काही वेडेपणा नव्हता. दुसऱ्या कुणाची असती तर मी ठेवलीही असती. आजवर मी हे कुणापाशी कबूल केलेलं नाही. पण खालच्या अंगाला अख्खा माळमाथा आपापल्या गंज्या जळताना बघत उभा होता. त्यांतल्या प्रत्येकानं वर बघितलं असतं, आणि बाईसाहेबांच्या भावाची तेवढी राहिली, असं म्हणत उद्या आपला लपवलेला चारा बाहेर काढला असता. ती दादाची होती म्हणूनच ती मला ठेवता येत नव्हती.

"माझ्या भावाची म्हणून ठेवली म्हणतील," मी म्हणाले.

"म्हनूंदेत की! हायच मी भाऊ!"

"दादा, बाजूला हो."

तो जागचा हलला नाही. मग म्हणाला, "मोहनरावांचा राग काडतीयास व्हय?"

नाही म्हणायच्या ऐवजी मी मशाल हातात घेतली. दादा बाजूला झाला. त्यानं स्वतःच ताडपत्रीच्या दोऱ्या सोडल्या, ताडपत्रीची नीट घडी घातली आणि खांद्यावर टाकून गावाकडं चालायला लागला. पोरं माझ्याकडं बघत होती. मी मशाल त्यांच्या हातात दिली नाही, स्वतःच लावली. चांगलं वाळलेलं गवत कसं पेटतं हे मी विसरले होते. गंजीला धूरसुद्धा फार आला नाही.

अंदाजाप्रमाणे वारा तिसऱ्या दिवशी आला आणि डोंगरावरची राख करंजखोलच्या गच्च्यांवर पडली.

म्हशी राख येण्याआधीच गेल्या. गुरांच्या सरकारी दवाखान्यानं त्या धुऊन-पुसून घाटाखाली न्यायला परवानगी दिली होती, आणि व्यापारी वासावर असल्यासारखे आले होते. टेम्पोत चढायला चांदी तयार होईना. ती दादाच्या घरी जन्मलेली, कपाळावर पांढरा टिळा असलेली म्हैस. दादानं तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ती निमूट चढली. हे मी बघितलं नाही, गावातल्यांनी सांगितलं.

मी त्या वेळी वहिनीबरोबर वाणाच्या बाटल्या गोळा करत फिरत होते. पहिल्या दोन घरी मी एकटीच गेले होते. बायांनी दार अर्धवट उघडून ‘आमच्याकडं न्हाई बाई तसलं काय’ म्हणत लावून घेतलं. वाण कधी परत मागतात का? आणि तेही एका विधवेनं दारात येऊन? त्यांच्या जिवाला ते सौभाग्यच परत मागितल्यासारखं होत होतं. मग वहिनी आपणहून जीपमध्ये येऊन बसली. ती दारात पदर पसरायची. "माजं चुकलं बायांनो, माजं वान मला परत द्या, तुमचं कुंकू मागत न्हाई," म्हणायची. कुणी बाटली आणून द्यायची, कुणी रिकामी द्यायची, म्हणजे आतलं कुठंतरी पडलेलंच. ऋतुजाच्या सासूनं बाटली देव्हाऱ्यात ठेवली होती. ती दिली, पण ‘तुमची लेक न्या आता चार दिवस माहेरी’ असंही म्हणाली. वहिनी जीपमध्ये बसून डोळ्याला पदर लावून रडली. मी गाडी चालवत राहिले. काही बाटल्या घाटापलीकडं गेल्या होत्या, त्यांच्या मागावर दुसऱ्या जिल्ह्याची माणसं होती. त्यांतल्या सगळ्या मिळाल्या नाहीत. पूर्वेकडून गंज्या बसल्याचे फोन अजूनही येतात.

"त्ये माज्या हातचं खात न्हाईत," परतीच्या वाटेवर वहिनी एकदम म्हणाली. "गोठ्यात तीन दगड मांडल्यात. सोताची भाकर सोता थापत्यात. म्हनले, तुज्या हातानं घर नासलं."

खरं सांगायचं तर त्या वेळी मला थोडं बरंही वाटलं. मला ओट्यावर न बोलावणारे हात ते हेच.

चौथ्या दिवशी दुपारी ओकांचा फोन आला.

"वरच्या गंजीचा नमुना स्वच्छ आहे," ते म्हणाले. "लागण अजिबात नव्हती." मग आवाज उतरवत म्हणाले, "सारिकाताई, गंजी तर आता नाहीच. तुम्ही म्हणत असाल तर मी हे इथंच ठेवतो. निष्कर्ष निघाला नाही, असंही होतं कधीकधी."

मी कचेरीत एकटीच बसले होते. समोर मंत्र्यांनी दिलेली शाल घडी करून कपाटात ठेवलेली दिसत होती. लागण होती, एवढंच मी दादाला सांगितलं की झालं असतं. त्याला वाटलं असतं, बहिणीनं केलं ते बरोबर केलं, गावावरचं संकट टाळलं. दिवाळीला त्यानं मला ओवाळायला बोलावलं असतं. सगळा दोष जिथं आधीच पडला होता तिथंच राहिला असता, वहिनीच्या अंगावर. तिनं ड्रम केला होता, तिनं वाण लुटलं होतं. दादा तिच्या हातचं आणखी किती वर्षं खाणार नव्हता, तेवढाच काय तो प्रश्न.

आणि ओट्यावर मला बोलावलं नव्हतं, हेही मी विसरले नव्हते.

पण जीपमध्ये शेजारी बसून रडणारी वहिनी मला डोळ्यांपुढून हलवता येईना. ड्रम तिचा होता, ती गंजी तिची नव्हती. ती माझी होती. मी जीपची किल्ली घेतली.

गोठा रिकामा होता. दावणीच्या दोऱ्या गुंडाळून खुंट्यांना अडकवलेल्या. दादा तीन दगडांपुढं बसून भाकरी थापत होता. त्याला ती गोल येत नव्हती, कडेला चिरत होती. वहिनी घराच्या दारात उभी होती. तिनं आत स्वयंपाक केलेला असणार, आमटीचा वास येत होता.

"दादा, वरच्या गंजीचा निकाल आला."

त्यानं भाकरी तव्यावर टाकली. "काळी हुती?"

"नव्हती."

वहिनी दाराची चौकट धरून पुढं झाली.

"चांगली होती गंजी," मी म्हणाले. "चार दिवस थांबले असते तर म्हशी राहिल्या असत्या. खालची गेली ती वहिनीच्या हातून, अजाणता. वरची मी जाळली. जाणून, तू नको म्हणत असताना जाळली. तिच्यावर राग धरू नको."

भाकरी करपायला लागली. दादानं ती उलटली नाही. तांब्यातलं पाणी त्यानं जाळावर ओतलं, धूर निघेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग उठून हात धुतले, पंच्यानं पुसले आणि माझ्या अंगावरून घरात गेला. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला.

"वाढ," तो वहिनीला म्हणाला.

वहिनीनं फळीवरची ताटं काढली. दोन खाली ठेवली, माझ्याकडं बघितलं आणि तिसऱ्याला हात घातला.

"दोनच," दादा म्हणाला.

तिचा हात फळीवर तसाच राहिला. मी ओट्याच्या पायऱ्या उतरून जीपकडं गेले.